हवा पुरेशी, हिशोब चुकलेला: चुवाश पॉलिसायथेमियाचं प्रकरण

व्होल्गा नदीच्या मधल्या टप्प्यात, मॉस्कोच्या पूर्वेला, चुवाशिया नावाचं एक छोटं प्रजासत्ताक आहे. रशियन संघराज्याचाच भाग, राजधानी चेबोक्सारी. प्रदेश सखल. चढताना धाप लागावी असा पर्वत तिथे नाही. तरीही तिथल्या काही घरांत अशी मुलं जन्माला येत आली की ज्यांचा चेहरा, ओठ, तळहात लालभडक, आणि रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला २२ ग्रॅमच्या आसपास. निरोगी प्रौढ पुरुषात हा आकडा साधारण १३ ते १७ असतो. अँडीज पर्वतात चार-साडेचार हजार मीटरवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या पुरुषाचं हिमोग्लोबिन २१च्या वर गेलं, तर तो जुनाट पर्वतविकाराचा एक निकष मानला जातो. इथे तर सपाटीवर, लहान वयात, त्याहून जास्त.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लिडिया पोलियाकोवा या रशियन रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी ही कुटुंबं शोधून त्यांची पद्धतशीर नोंद केली. आईवडिलांचं रक्त बहुधा अगदी ठीक, आणि त्यांच्या काही मुलांत मात्र हा प्रकार. म्हणजे दोष अप्रभावी: आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन सदोष प्रती एकत्र आल्या तरच उमटणारा. रुग्ण दोन-चार नव्हते, शेकड्यांत होते. जन्मजात पॉलिसायथेमिया, म्हणजे तांबड्या पेशींची बेसुमार वाढ, जगात इतरत्र अतिशय विरळ; इथे ती स्थानिक आजार म्हणावी इतकी सर्रास.

ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशी आपली जनुकं कशी चालू-बंद करते, हे समजून घ्यायला या प्रकरणाइतकं सोयीचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. कारण इथे ऑक्सिजन कमी नाहीच. फक्त पेशीचा हिशोब बिघडला आहे.

आधी काय काय नाही, ते

हिमोग्लोबिन इतकं वाढलं की डॉक्टरांच्या डोक्यात काही ठरलेल्या शंका येतात. पहिली शंका अस्थिमज्जेवर. तिथल्या मूळ पेशीच बेलगाम झाल्या, तर तांबड्या पेशी वाढतात, पण सहसा त्यांच्याबरोबर पांढऱ्या पेशी आणि बिंबिकाही वाढतात. चुवाश रुग्णांत या दोन्ही ठीक होत्या. दुसरी शंका, शरीराला खरोखरच ऑक्सिजन कमी मिळत असेल: फुप्फुसाचा आजार, हृदयातला जन्मजात दोष. वीस वर्षांच्या आतल्या इतक्या मुलांत, तेही घराण्या-घराण्यांत ठरावीक पद्धतीने उतरणारा, असा कोणता आजार दिसत नव्हता. तिसरी शंका जास्त बारीक आहे. काही घराण्यांत हिमोग्लोबिनच असं असतं की ते ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, ऊतकांना सोडत नाही. हे तपासायला हिमोग्लोबिन अर्धं रिकामं व्हायला ऑक्सिजनचा दाब किती खाली यावा लागतो, ते मोजतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वेगवेगळ्या कुटुंबांतल्या सहा तरुण रुग्णांचं रक्त असं बारकाईने तपासलं गेलं. त्यांचं सरासरी हिमोग्लोबिन २२.६ होतं, आणि ऑक्सिजन सोडण्याची त्याची क्षमता अगदी नेहमीसारखी.

उरला प्रश्न एरिथ्रोपोएटिनचा, म्हणजे ईपीओचा. हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात तयार होतं आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला सांगतं. रक्त दाट झालं, ऊतकांना ऑक्सिजन भरपूर मिळू लागला, की ईपीओ खाली यायला हवं. चुवाश रुग्णांत ते वाढलेलं निघालं. ईपीओच्या जनुकात किंवा ते पकडणाऱ्या ग्राहकाच्या जनुकात दोष असेल, तर आजार त्या जनुकांच्या आसपासच्या गुणसूत्री खुणांसोबत पिढीतून पिढीत उतरायला हवा होता. तसं दिसलं नाही. दोन्ही जनुकं यादीतून बाद झाली.

खरी गाठ इथे आहे. संप्रेरक नीट, ग्राहक नीट, हिमोग्लोबिन नीट, आणि तरी मूत्रपिंडातल्या पेशी रात्रंदिवस ‘ऑक्सिजन कमी आहे’ असा निरोप पाठवताहेत. निरोप चुकीचा, पण पाठवणारी यंत्रणा कोणती? १९९७ साली या प्रश्नाचं उत्तर देता येईल इतकी माहितीच हातात नव्हती. ती पुढच्या चार वर्षांत, आणि तीही चुवाशियाशी काही संबंध नसलेल्या प्रयोगशाळांतून जमा झाली.

पेशी ऑक्सिजन मोजते कशी

ईपीओच्या जनुकाला लागून, त्याच्या शेपटाकडच्या बाजूला, डीएनएचा एक लहानसा तुकडा आहे. ऑक्सिजन घटला की या तुकड्यावर एक प्रथिन येऊन बसतं आणि जनुक जोमाने वाचलं जाऊ लागतं. ग्रेग सेमेन्झा यांच्या प्रयोगशाळेने १९९२मध्ये हे प्रथिन टिपलं आणि १९९५मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. हायपॉक्सिया इंड्युसिबल फॅक्टर, थोडक्यात हिफ. ते दोन भागांचं असतं. बीटा भाग पेशीत कायम हजर. अल्फा भाग मात्र ऑक्सिजन असताना दिसेनासा होतो आणि ऑक्सिजन घटला की काही मिनिटांत साठतो. दोन्ही भाग केंद्रकात जोडीने डीएनएवर बसतात. त्यांची बसायची जागा म्हणजे सी-जी-टी-जी ही चार अक्षरं आणि त्यांच्या आधी ए किंवा जी.

आता सहज वाटेल की ऑक्सिजन घटला की पेशी हिफ-अल्फा बनवायला घेत असेल. तसं नाही. ती ते सदैव बनवत असते. ऑक्सिजन असताना बनवते आणि लगेच मोडते, आणि नेहमीच्या ऑक्सिजनमध्ये या प्रथिनाचं अर्धायुष्य पाच मिनिटांहूनही कमी भरतं. हा उघडा नळ आणि तळाला भोक असलेली टाकी असा प्रकार आहे: पाण्याची पातळी नळाने ठरत नाही, भोकाने ठरते. उधळपट्टी वाटते खरी, पण फायदा वेगाचा आहे. हवा कमी पडल्यावर जनुक वाचा, प्रथिन बांधा, एवढा वेळ पेशीकडे नसतो. मोडणं थांबवलं की काम झालं.

मोडायचं कोणी आणि कधी, हे ठरवणारी साखळी २००१मध्ये उलगडली. विल्यम केलिन आणि पीटर रॅटक्लिफ यांच्या गटांनी ती स्वतंत्रपणे, जवळजवळ एकाच वेळी मांडली. पेशीत प्रोलिल हायड्रॉक्सिलेज नावाची विकरं असतात. पीएचडी-१, २ आणि ३ अशी त्यांची नावं, त्यातलं दुसरं सर्वांत महत्त्वाचं. हे विकर हिफ-१ अल्फाच्या (हिफ-अल्फाचा हा एक प्रकार) साखळीतल्या प्रोलीन या अमिनो आम्लावर, ठरावीक ठिकाणी, ४०२व्या आणि ५६४व्या जागेवर, एक हायड्रॉक्सिल गट चिकटवतं. त्यासाठी त्याला ऑक्सिजनचा अख्खा रेणू लागतो. रेणूतला एक अणू प्रोलीनवर जातो, दुसरा २-ऑक्सोग्लुटारेट या चयापचयातल्या रेणूवर, ज्याचं सक्सिनेट होतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. विकराच्या मधोमध लोहाचा एक अणू बसलेला असतो, आणि त्या लोहाशिवाय यातलं काहीच घडत नाही. हे लोह लक्षात ठेवा. पुढे ते अडचणीत आणणार आहे.

म्हणजे इथे ऑक्सिजन हा नुसता संकेत नाही, कच्चा माल आहे. त्यात या विकराची ऑक्सिजनची ओढ मुद्दाम म्हणावी इतकी कमी. ऊतकांमध्ये जेवढा ऑक्सिजन असतो तेवढ्यात ते कधीच पूर्ण वेगाने चालत नाही. ऑक्सिजन थोडा वाढला की वेग थोडा वाढतो, थोडा घटला की घटतो. मोजमाप म्हणतात ते हेच. ऑक्सिजनच्या पातळीचं रूपांतर हायड्रॉक्सिल चिकटवण्याच्या वेगात.

चिकटवलेला गट वाचणारं प्रथिन वेगळं. त्याचं नाव व्हीएचएल. त्याच्या पृष्ठभागावर एक अरुंद खळगी आहे. साधा प्रोलीन तिथे टिकत नाही. हायड्रॉक्सिल लागलेला प्रोलीन मात्र खळगीच्या तळाशी असलेल्या सेरीन १११ आणि हिस्टिडीन ११५ या दोन अमिनो आम्लांना हायड्रोजन बंधांनी धरतो आणि पक्का बसतो. एका ऑक्सिजन अणूचा फरक, आणि बंधाच्या ताकदीत कैक पटींचा फरक. व्हीएचएल एकटं नसतं. इलॉन्गिन बी, इलॉन्गिन सी, क्युलिन-२ अशी मंडळी सोबत घेऊन ते हिफ-अल्फावर युबिक्विटिनची, म्हणजे ‘हे मोडा’ असं सांगणाऱ्या खुणेची, साखळी चढवायला लावतं. साखळी चढली की प्रोटिअसोम त्या प्रथिनाचे तुकडे करतो.

याखेरीज एफआयएच नावाचं आणखी एक विकर आहे. ते हिफ-१ अल्फाच्या ८०३व्या अ‍ॅस्परॅजीनवर हायड्रॉक्सिल बसवतं, त्यामुळे हिफ मोडण्यातून वाचलं तरी जनुक वाचायला लागणारं सहायक प्रथिन त्याला मिळत नाही. आपल्या प्रकरणात त्याची भूमिका दुय्यम आहे. या सगळ्या कामासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

व्हीएचएल हे नाव मात्र मुळात ऑक्सिजनच्या अभ्यासातलं नाही. ते आलं ‘व्हॉन हिपेल-लिंडाऊ’ या कर्करोगी आजारातून: डोळ्याच्या पडद्यावर, लहान मेंदूत रक्तवाहिन्यांच्या गाठी, मूत्रपिंडाचा कर्करोग, अधिवृक्क ग्रंथीच्या गाठी. साधारण ३६,००० जन्मांमागे एक रुग्ण. जनुक १९९३मध्ये सापडलं, तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर. या गाठींत रक्तवाहिन्या बेसुमार असतात, आणि काही रुग्णांत गाठीच ईपीओ सोडतात. केलिन यांना यातूनच वास लागला होता की या पेशी ऑक्सिजन असूनही नसल्यासारख्या वागताहेत. रॅटक्लिफ यांच्या गटाने १९९९मध्ये दाखवलं की व्हीएचएल नसलेल्या पेशींत हिफ-अल्फा मोडलंच जात नाही.

दोनशेवं अमिनो आम्ल

आता परत चुवाशियात. जोसेफ पर्चल यांच्या गटाने रशियन सहकाऱ्यांसह कुटुंबांच्या डीएनएचा सगळ्या गुणसूत्रांवरून शोध घेतला. आजाराची खूण तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर येऊन थांबली. तिथे कोण बसलं आहे, हे तोवर सगळ्यांना ठाऊक होतं. २००२च्या डिसेंबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: व्हीएचएल जनुकाच्या ५९८व्या जागी सी ऐवजी टी.

हा बदल जवळून पाहण्यासारखा आहे. तीन अक्षरांचा एक शब्द धरला तर ५९८वं अक्षर दोनशेव्या शब्दाचं पहिलं. मूळ शब्द सीजीजी, म्हणजे आर्जिनीन. पहिलं अक्षर बदललं की टीजीजी, म्हणजे ट्रिप्टोफॅन. आर्जिनीन धनभारित, पाण्याची आवड असलेलं, लांबलचक. ट्रिप्टोफॅन भाररहित, पाणी टाळणारं, अमिनो आम्लांतलं सर्वांत अवजड. एवढा मोठा फेरबदल झाला तर प्रथिन निकामीच व्हावं, असं वाटेल. पण व्हीएचएलची साखळी २१३ अमिनो आम्लांची आहे आणि २००वी जागा अगदी शेवटाकडे, प्रोलीन पकडणाऱ्या खळगीपासून दूर. त्यामुळे खळगी शाबूत राहते. हिफ-अल्फा येतं, बसतं, पण पूर्वीसारखं घट्ट बसत नाही. युबिक्विटिन चढतं, पण सावकाश.

म्हणजे टाकीचं भोक बुजलेलं नाही, अरुंद झालं आहे. याचा हिशोब सोपा आहे: बनवण्याचा वेग तोच ठेवून अर्धायुष्य दुप्पट झालं, तर साठा दुप्पट होतो. पेशीला जनुकं चालू करायला एवढं पुरतं. मूत्रपिंडात तर परिणाम आणखी ठळक, कारण तिथे ईपीओ बनवणाऱ्या पेशी थोड्या असतात आणि संप्रेरक वाढवायचं असलं की मुख्यतः काम करणाऱ्या पेशींची संख्या वाढते. हिफची पातळी वर सरकली, की एरवी गप्प बसलेल्या पेशीही कामाला लागतात.

आईवडील निरोगी का, हेही यातून कळतं. त्यांच्याकडे एक प्रत चांगली असते आणि तेवढं व्हीएचएल हिफ मोडायला पुरेसं ठरतं.

फक्त रक्ताची गोष्ट नाही

ईपीओ हे हिफच्या हाताखालच्या शेकडो जनुकांपैकी एक. मग निदान बरोबर असेल तर बाकीच्यांतही गडबड दिसायला हवी. दिसली. २००२च्याच अभ्यासात ग्लुकोज पेशीत आणणारं वाहक प्रथिन, रक्तातून लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन, ते पेशीत घेणारा त्याचा ग्राहक, रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ, ही सगळी वाढलेली निघाली.

सर्वांत देखणा पुरावा २००६मध्ये आला. ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी दोन्ही प्रती सदोष असलेल्या तीन रुग्णांना मोजून-मापून कमी ऑक्सिजनची हवा दिली. नेहमीच्या हवेतही या लोकांचा श्वासोच्छ्वास वाढलेला होता, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला दाब चढलेला होता, अगदी काही दिवस डोंगरावर राहून आलेल्या माणसासारखा. आणि ऑक्सिजन थोडासा कमी केला तर प्रतिसाद इतरांच्या कितीतरी पट तीव्र. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मोजमाप बंद पडलं असतं तर ऑक्सिजन कमी केल्यावर काहीच बदललं नसतं. इथे मोजमाप चालूच आहे. फक्त त्याचं शून्य सरकलं आहे. शिवाय श्वास आणि फुप्फुसाचा दाब यांचं नियंत्रण ईपीओपेक्षा अगदी वेगळ्या अवयवांत, वेगळ्या पेशींत होतं. सगळीकडे एकच यंत्रणा बसवलेली आहे, हे माणसात इतक्या स्पष्टपणे आधी दिसलं नव्हतं.

२०१०मध्ये याच वाटेने स्नायूंची परीक्षा झाली. हिफ-१ पेशीला साखर जाळण्याच्या अर्धवट, ऑक्सिजनशिवायच्या मार्गाकडे ढकलतं आणि मायटोकॉन्ड्रियाकडे जाणारा पुरवठा आखडता घेतो. चुवाश रुग्णांच्या स्नायूंत व्यायाम सुरू झाल्यावर फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे झटपट ऊर्जेचा, साठा लवकर संपला, आम्लता लवकर वाढली, आणि कमाल कामाची मर्यादा खाली आली. हिमोग्लोबिन २२ असलेल्या माणसाने खरं तर धावण्यात बाजी मारायला हवी! ऑक्सिजन वाहून आणणारं रक्त मुबलक, पण तो वापरायचा नाही असं स्नायूंनी आधीच ठरवलेलं.

रुग्णांच्या रोजच्या आयुष्यात हे सगळं असं उतरतं: डोकेदुखी, दम, पायांच्या शिरा फुगणं, रक्तदाब इतरांपेक्षा कमी, मणक्यांत रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठी. आणि निरुपद्रवी नसलेली एक गोष्ट, रक्ताच्या गुठळ्या. व्हिक्टर गोर्ड्यूक यांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रुग्णांची तुलना त्याच भागातल्या निरोगी माणसांशी केली होती. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे झटके आणि गुठळ्या यांमुळे रुग्णांचे मृत्यू लवकर होत होते. ६५ वर्षांपर्यंत जगण्याची शक्यता निरोगी माणसांच्या निम्म्याहूनही कमी.

मग कर्करोग का होत नाही

हा प्रश्न कोणालाही पडेल. व्हीएचएलमधला दोष म्हणजे मूत्रपिंडाचा कर्करोग, अशी जोडी ठरलेली असताना चुवाश रुग्णांत त्या गाठी का नाहीत? तेही शरीरातल्या प्रत्येक पेशीत दोन्ही प्रती सदोष असताना? २००४च्या पाहणीत व्हॉन हिपेल-लिंडाऊ आजारातल्या ठरावीक गाठी मुद्दाम शोधल्या गेल्या. सापडल्या नाहीत.

उत्तर मात्रेत आहे. त्या कर्करोगी आजारात माणूस एक बिघडलेली प्रत घेऊन जन्मतो. एखाद्या पेशीत दुसरी प्रतही नष्ट झाली की तिथे व्हीएचएल उरतच नाही, हिफ बेलगाम होतं, आणि व्हीएचएलची इतर कामंही बंद पडतात. चुवाश प्रकारात व्हीएचएल मंदावलेलं असतं, पण असतं. यावरून असंही म्हणता येतं की हिफ आणि व्हीईजीएफ थोडे चढे असणं गाठ उगवायला पुरेसं नाही. ‘जनुकात दोष आहे की नाही’ या हो-नाही प्रश्नापेक्षा ‘किती कमी काम होतंय’ हा प्रश्न किती वेगळा आहे, हे एकाच जनुकाच्या या दोन आजारांत दिसतं.

हाच दोष पुढे इटलीतल्या इस्किया बेटावरही सर्रास आढळला, आणि युरोप-आशियात इतरत्र विखुरलेले रुग्णही मिळाले. जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा पाहता बहुतेकांचा उगम एकाच, फार जुन्या पूर्वजात असावा. एवढा घातक दोष इतका काळ टिकला कसा? एक प्रत असलेल्या वाहकांना पंडुरोगापासून काहीसं संरक्षण मिळत असावं, अशी एक मांडणी आहे. ती मला पटण्याजोगी वाटते, सिद्ध झालेली नाही.

रक्त काढण्याचा पेच

रक्त दाट झालं तर ते काढायचं, ही पॉलिसायथेमियावरची जुनी रीत. डोकेदुखी हलकी होते, रुग्णाला बरं वाटतं. पण इथे लोहाची गोष्ट आडवी येते. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. हिमोग्लोबिन २२ असलेल्या माणसाचं अर्धा लिटर रक्त काढलं तर ११० ग्रॅम हिमोग्लोबिन गेलं, म्हणजे जवळपास ३७० मिलिग्रॅम लोह. शरीरात एकूण लोह तीन-चार ग्रॅम, आणि आतड्यातून रोज शोषलं जातं ते एक-दोन मिलिग्रॅम. अशी काही वेळा रक्तं काढली की साठा तळाला जातो.

आणि पीएचडी विकराच्या मधोमध लोह बसलेलं असतं. लोह घटलं की विकर मंदावतं, हायड्रॉक्सिल कमी चिकटतात, हिफ आणखी वाढतं. एका बाजूने व्हीएचएल आधीच सुस्त; आता दुसऱ्या बाजूने त्याच्याकडे येणारा मालही कमी. ज्या कारणाने रक्त दाट झालं, त्याच कारणाला उपचार खतपाणी घालतो.

चित्र इतकं एकतर्फीही नाही. हिफच्या अल्फा भागाचे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि प्रौढ माणसाच्या मूत्रपिंडात ईपीओ चालवतं ते हिफ-२. त्याच्या संदेशवाहक आरएनएच्या सुरुवातीला लोहाची स्थिती ओळखणारा एक तुकडा असतो; लोह घटलं की हिफ-२ अल्फा बनवणंच कमी होतं. लोह नसताना तांबड्या पेशींचा आग्रह धरून उपयोग नाही, हे पेशी ‘जाणते’. हिफ-१ला असा लगाम नाही. म्हणजे लोहाच्या कमतरतेत रक्त बनणं आटोक्यात आल्यासारखं दिसेल, आणि हिफ-१च्या हाताखालची जनुकं मात्र आणखी चढतील. हिमोग्लोबिनचा कागद सुधारलेला, आतलं दुखणं वाढलेलं.

फुप्फुसाच्या दाबावर लोहाचा किती परिणाम होतो, हे पेरूतल्या सेरो दे पास्को या ४,३०० मीटरहून उंच गावातल्या जुनाट पर्वतविकाराच्या रुग्णांवर तपासलं गेलं. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टप्प्याटप्प्याने रक्त काढून लोह घटवल्यावर फुप्फुसाच्या धमनीतला वरचा दाब सरासरी ३७वरून ४६ मिलिमीटर पाऱ्यावर गेला. ते रुग्ण चुवाश नव्हते, पण विकर तेच.

पुढे चुवाश रुग्णांच्या पाहणीतही हेच सूत्र निघालं: गुठळ्यांचा धोका रक्ताच्या दाटपणाशी जुळत नाही, आणि वरचेवर रक्त काढलेल्यांत तो उलट जास्त दिसतो. हिफच्या हाताखालची जनुकंच चढलेली आहेत, आणि त्यांचा यात हात असावा. रक्त पातळ करून जनुक गप्प होत नाही. अशा रुग्णात नुसता हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या वाट्याचा, आकडा खाली आणण्यासाठी रक्त काढत राहणं मला तरी समर्थनीय वाटत नाही. लक्षणं असह्य असतील तर गोष्ट वेगळी.

यंत्रणेलाच हात घालायचा

रुक्सोलिटिनिब हे जॅक-२ विकर रोखणारं औषध मोजक्या रुग्णांत वापरून हिमोग्लोबिन खाली आल्याच्या नोंदी आहेत. ईपीओचा निरोप अस्थिमज्जेतल्या पेशीत जॅक-२मार्फत पोचतो, आणि चुवाश रुग्णांच्या मज्जेतल्या पेशी ईपीओला एरवीपेक्षा जास्त तीव्रतेने प्रतिसाद देतात, म्हणून हा मार्ग. निरोप पाठवणारं हिफ मात्र तसंच राहतं.

उलट दिशेने जाणारी औषधंही आली आहेत, आणि या प्रकरणाच्या शेजारी ठेवून ती पाहिली की मौज वाटते. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना ईपीओ कमी पडून पंडुरोग होतो. त्यांच्यात पीएचडी विकर थोडं रोखून हिफ मुद्दाम वाढवायचं, अशी ही औषधं. रोक्साडुस्टॅटला २०१८च्या डिसेंबरमध्ये चीनने प्रथम मान्यता दिली. डॅप्रोडुस्टॅटला २०२३मध्ये अमेरिकेने, डायलिसिसवरच्या रुग्णांसाठी. त्यासोबतच्या इशाऱ्यात गुठळ्यांचा धोका ठळकपणे नमूद आहे. चुवाशियातली कुटुंबं माहीत असणाऱ्याला यात नवल नाही.

चुवाश दोष असलेले उंदीर तयार करून २००७मध्ये दाखवलं गेलं की त्यांचं रक्त दाट होतं ते हिफ-२मुळे. त्यामुळे हिफ-२लाच रोखणाऱ्या औषधांकडे लक्ष गेलं. अशा उंदरांत हिफ-२ रोखल्यावर तांबड्या पेशीही घटल्या आणि फुप्फुसाचा चढलेला दाबही उतरला. त्याच कुळातलं बेलझुटिफॅन हे औषध माणसांसाठी २०२१च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मान्य झालं, पण चुवाश आजारासाठी नव्हे, व्हॉन हिपेल-लिंडाऊच्या गाठींसाठी. गाठी आक्रसतात. मात्र हिफ-२ निरोगी मूत्रपिंडातही ईपीओ चालवतं आणि मानेतल्या ज्या पेशी रक्तातला ऑक्सिजन पाहून श्वास वाढवतात त्यांनाही ते लागतं. म्हणून हे औषध घेणाऱ्यांत हिमोग्लोबिन उतरतं, काहींच्या रक्तातला ऑक्सिजनही खाली येतो, आणि गोळी सुरू करण्याआधी व नंतर ठरावीक काळाने दोन्ही तपासावे लागतात.